रस्त्याकडेची झाडे आणि वाहनांचा धूर

रस्त्याच्या दुतर्फा झाडे लावण्याची प्रथा आपल्या देशात फार प्राचीन आहे. माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून वाटेवर वड लावविल्याचा आणि आमराया उभारल्याचा उल्लेख सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात आढळतो. महाराष्ट्रातील जुन्या रस्त्यांवरही वड, पिंपळ, चिंच, आंबा, जांभूळ व कडुनिंब यांचीच लागवड प्रामुख्याने झालेली होती. ती झाडे लावणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पायी चालणारा वाटसरू आणि बैलगाडी होती. आज त्याच रस्त्यांवरून अहोरात्र मोटारी, मालट्रक व दुचाकी वाहने धावत आहेत. झाडाला आता सावली द्यावयाची आहेच. पण त्याबरोबर धूर, काजळी व धूळ सोसून जगावयाचेही आहे.

रस्ते रुंद करताना अनेक ठिकाणी जुनी झाडे तोडली गेली आणि त्यांच्या जागी नवी लावण्याचे काम निघाले. अशा वेळी रोपवाटिकेत जे रोप सहज हाती लागते तेच बहुधा लावले जाते. काही वर्षांनी पाहावे तो कित्येक जाळ्या रिकाम्या दिसतात आणि मग धुराने झाडे मेली, असे म्हटले जाते. हे म्हणणे कितपत खरे, कोणती झाडे धूर सोसतात आणि ती का सोसतात, याचा विचार लागवडीपूर्वीच केलेला बरा; कारण रस्त्याकडेचे झाड एकदा लावले म्हणजे पुढील दोन-तीन पिढ्यांचा निर्णय झाला असे समजावे.

धुरात काय असते?

वाहनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड, अर्धवट जळलेल्या इंधनाची वाफ आणि काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात. इंधनात गंधक असेल तर सल्फर डायऑक्साइडही तयार होतो. इंधन सुधारल्यामुळे यांतील काही घटक पुष्कळ कमी झाले आहेत. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली देशभर बंद झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली आणि इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले.

असे असले तरी झाडावरील भार संपलेला नाही. वाहनांची संख्या वाढली आहे. शिवाय टायर व ब्रेक यांची झीज, रस्त्याच्या कडेची उघडी माती आणि वाळू-खडीची वाहतूक यांतून उडणारी धूळ इंजिन सुधारल्याने कमी होत नाही. म्हणून आज रस्त्याकडेच्या झाडाच्या बाबतीत वायूइतकाच, किंबहुना काही ठिकाणी अधिक, धुळीचा विचार करावा लागतो.

पानावर होणारा परिणाम

पानाच्या पृष्ठभागावर, बहुतेक वृक्षांत पानाच्या खालच्या बाजूस, अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. याच वाटेने झाड हवा घेते व पाण्याची वाफ बाहेर टाकते. दूषित वायूही याच वाटेने आत शिरतात. सल्फर डायऑक्साइड व नायट्रोजन डायऑक्साइड पानातील ओलाव्यात विरघळले की आम्ले तयार होतात. आम्लता वाढल्यावर हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते, पानाचा हिरवा रंग फिका पडतो आणि अन्न तयार करण्याचे काम मंदावते.

ओझोन हा वायू वाहनातून थेट बाहेर पडत नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड व इंधनाची वाफ यांवर प्रखर ऊन पडले म्हणजे तो तयार होतो. प्रत्यक्ष रस्त्यावर ताज्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड त्याचा काही अंशी नाश करतो. त्यामुळे शहराच्या मध्यभागापेक्षा वाऱ्याच्या दिशेने पुढे असलेल्या गावांत त्याचे प्रमाण कित्येकदा अधिक भरते. गहू व सोयाबीन यांसारखी पिके ओझोनला नाजूक आहेत, ही गोष्ट मोठ्या शहरांच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

धुळीचे काम निराळे. पानावर थर बसला की ऊन आत पोहोचत नाही, पान अधिक तापते आणि काही पर्णरंध्रे बुजतात. शिवाय धुळीच्या थरात कोळी या किडीचे चांगले फावते, कारण तिला खाणारे मित्रकीटक अशा पानावर नीट वावरू शकत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात पाने आपोआप धुतली जातात. खरी कसोटी ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंतच्या कोरड्या महिन्यांत लागते. नेमक्या याच काळात जमिनीतील ओलही कमी होत जाते.

दोष धुराचा की अन्य कशाचा?

पिवळे पान दिसताच धुराला दोष देणे योग्य नव्हे. चुनखडीयुक्त जमिनीत लोहाच्या कमतरतेने कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. करंजाच्या पानावरील गाठी एका सूक्ष्म कोळ्यामुळे येतात; त्यांचा धुराशी संबंध नसतो. धुराचा व धुळीचा परिणाम असेल तर रस्त्याच्या बाजूची पाने अधिक खराब दिसतात, पलीकडची कमी. एकाच जागी निरनिराळ्या जातींच्या झाडांवर थोड्याफार फरकाने तशीच लक्षणे आढळतात आणि रस्त्यापासून दूर गेल्यास ती कमी होत जातात. जुन्या पानांच्या कडा व टोके करपणे, पाने लहान राहणे आणि अवेळी पानगळ होणे ही नेहमी दिसणारी लक्षणे होत.

सहनशक्तीचे मोजमाप

झाडाची सहनशक्ती नुसत्या डोळ्यांनी ठरविणे कठीण असते. यासाठी सिंग व राव या भारतीय शास्त्रज्ञांनी १९८३ साली एक निर्देशांक सुचविला. तो आज देशात व देशाबाहेरही वापरला जातो. त्यासाठी पानाच्या चार गोष्टी तपासतात : क जीवनसत्त्व, एकूण हरितद्रव्य, पानाच्या रसाचा सामू आणि पानातील सापेक्ष जलांश. हरितद्रव्य व सामू यांची बेरीज करावी, तिला क जीवनसत्त्वाने गुणावे, गुणाकारात जलांशाची टक्केवारी मिळवावी आणि आलेल्या संख्येस १० ने भागावे. जो अंक येतो तो त्या झाडाचा सहनशीलता निर्देशांक होय.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका झाडाच्या दर ग्रॅम ताज्या पानात क जीवनसत्त्व ५ मिलिग्रॅम व हरितद्रव्य १.५ मिलिग्रॅम आहे, सामू ६.५ आणि जलांश ८० टक्के आहे. १.५ व ६.५ यांची बेरीज ८. तिला ५ ने गुणून ४०. त्यात ८० मिळवून १२०. आणि १० ने भागून निर्देशांक १२ येतो. दुसऱ्या झाडात क जीवनसत्त्व १० मिलिग्रॅम, हरितद्रव्य २ मिलिग्रॅम, सामू ६.५ व जलांश ८५ टक्के असेल तर निर्देशांक १७ येईल. सर्वसाधारणपणे वापरात असलेल्या एका श्रेणीनुसार ११ पर्यंतचे झाड नाजूक, १२ ते १६ मध्यम आणि १७ किंवा त्याहून अधिक निर्देशांकाचे झाड सहनशील मानतात.

या चार गोष्टींची निवड सहेतुक आहे. दूषित वायूंमुळे पानात जी घातक द्रव्ये निर्माण होतात त्यांना क जीवनसत्त्व निष्प्रभ करते. सामू जास्त असेल तर शिरणाऱ्या आम्लाचा जोर कमी पडतो. हरितद्रव्य मुबलक असेल तर थोडे नष्ट होऊनही अन्ननिर्मिती चालू राहते. चौथी गोष्ट म्हणजे पाणी, आणि माणसाच्या हाती असलेली गोष्ट तीच आहे. बाकीच्या तीन बाबी मुख्यत्वे झाडाच्या जातीवर व ऋतुमानावर अवलंबून असतात. परंतु पानातील ओल ही मुळांना मिळणाऱ्या जागेवर व पाण्यावर ठरते. एकाच जातीचे झाड एका ठिकाणच्या तपासणीत सहनशील व दुसऱ्या ठिकाणी मध्यम ठरते, याचे एक कारण हेच होय. कडुनिंबाच्या बाबतीत असे भिन्न निष्कर्ष मिळालेले आहेत.

निरनिराळ्या झाडांचे गुणदोष

वड, पिंपळ व आंबा ही झाडे भारतातील अनेक तपासण्यांत सहनशील गटात आलेली आहेत. वडाचे पान जाड, चामट व गुळगुळीत असते. त्यावरील धूळ एका चांगल्या सरीने धुऊन जाते. पिंपळाचे पान लांब देठामुळे जरा वारा सुटला तरी हलत राहते व सैल धूळ झटकून टाकते. वसंतात जुनी पाने टाकून नवी घेणे ही पिंपळ व कडुनिंब यांची सवय येथे उपकारक ठरते. कोरड्या महिन्यांत साचलेली घाण झाड जुन्या पानांबरोबर टाकून देते. वड व पिंपळ यांची मुळे मात्र भिंती व गटारे फोडतात. म्हणून ती घरांपासून व पुलांपासून दूर, मोकळ्या जागी लावावीत.

करंज हे मध्यम उंचीचे, दाट सावलीचे व पाण्याचा ताण सोसणारे झाड आहे. त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात. जनावरे त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावीत नाहीत, त्यामुळे रोपे वाचतात. चिंच सावकाश वाढते, पण एकदा रुजली की दीर्घकाळ टिकते आणि तिच्या लवचिक फांद्या वादळात सहसा मोडत नाहीत. सप्तपर्णीचे चामट पान धूर बऱ्यापैकी सोसते; तथापि पावसाळा संपताना येणाऱ्या तिच्या फुलांचा उग्र वास अनेकांना त्रासदायक होतो. म्हणून एकाच रस्त्यावर सलग सप्तपर्णीच लावू नये.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तो लवकर वाढतो व उन्हाळ्यात सुंदर फुलतो. पण त्याचे लाकूड ठिसूळ व मुळे उथळ असल्याने वाऱ्यात फांद्या मोडतात. ऐन कोरड्या काळात तो निष्पर्ण असतो, म्हणून धूळ अडविण्यास तेव्हा त्याचा उपयोग होत नाही. शोभेसाठी मधूनमधून तो असावा. संपूर्ण रांग त्याची नसावी.

झुडपांत कण्हेर, बोगनवेल व जास्वंद उपयोगी पडतात. कण्हेर धूर व तहान दोन्ही सोसते आणि म्हणूनच महामार्गाच्या दुभाजकावर ती सर्वत्र दिसते. तिचे सर्व भाग विषारी असल्याने जेथे गुरे-शेळ्या चरावयास येतात तेथे ती लावू नये.

सोसणे आणि शुद्ध करणे

सहनशील झाड हवा अधिक शुद्ध करतेच असे नाही. खरखरीत, लवदार वा मोठी पाने धूळ अधिक धरतात. सागाचे पान याचे उत्तम उदाहरण आहे. गुळगुळीत पान धूळ कमी धरते, परंतु स्वतः अधिक निरोगी राहते. म्हणून एकाच जातीची रांग करण्यापेक्षा मिश्र लागवड हितावह होय.

झाडे कोठे लावली आहेत हेही महत्त्वाचे आहे. मोकळ्या महामार्गालगत झुडपे, मध्यम झाडे व मोठे वृक्ष अशा चढत्या ओळी केल्यास धूळ पुष्कळशी अडते. याउलट दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्यावर माथे एकमेकांस भिडतील अशी दाट झाडे लावल्यास धूर वर निघून जाण्यास अडथळा होतो व पायी चालणाऱ्यास तो अधिक बाधतो. अशा ठिकाणी विरळ माथ्याची झाडे आणि पदपथालगत दाट कुंपण असावे.

पान सोसते, फळ सोसत नाही

पान तगले म्हणजे झाड सर्वस्वी सुखरूप आहे, असेही नव्हे. याचे बोधप्रद उदाहरण आंब्याचे आहे. त्यातील धूर वाहनांचा नसून वीटभट्ट्यांचा आहे. तथापि सल्फर डायऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड हे वायू त्यातही असतात. उत्तर प्रदेशात वीटभट्ट्यांजवळच्या आमरायांत फळाचे टोक काळे पडून कडक होते व फळ विक्रीस निरुपयोगी ठरते. दशहरी जातीत ही विकृती विशेष दिसते. पाने हिरवीगार असताना फळ मात्र वाया जाते. भट्टी व आमराई यांत सुमारे दीड किलोमीटरचे अंतर ठेवणे आणि मोहोरापूर्वी, मोहोरात व फळ धरल्यावर ०.६ टक्का टाकणखाराच्या द्रावणाची फवारणी करणे हे त्यावरचे उपाय आहेत. रस्त्याकडेस सावलीसाठी आंबा लावण्यास हरकत नाही. उत्पन्नासाठी लावावयाचा असल्यास वीटभट्टी जवळ नाही ना, हे आधी पाहावे.

झाडे प्रत्यक्षात का मरतात?

रस्त्याकडेचे झाड केवळ धुराने क्वचितच मरते. धुळीने पान तापते, झाडाला पाणी अधिक लागते आणि त्याच वेळी बुंध्याभोवती डांबर किंवा काँक्रीट घातल्याने पावसाचे पाणी व हवा मुळांपर्यंत पोहोचत नाही. गटार, नळ व केबल यांसाठी चर खणताना मुळे तोडली जातात. वाहनांच्या वजनाने माती दबते. मग फांद्या वाळू लागतात, खोडाला पोखरणाऱ्या अळ्या व बुरशी लागते आणि एखाद्या पावसाळ्यात झाड उन्मळून पडते. शतकभर उभा असलेला वडही या कोंडीपुढे टिकत नाही. धूर हे त्याच्यावरील अनेक ओझ्यांपैकी एक ओझे असते. मुळे मोकळी असती तर ते त्याने सोसले असते.

म्हणून बुंध्याभोवती निदान एक मीटर जागा मातीची व मोकळी ठेवावी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांच्या बाबतीत असाच आदेश दिला होता. मोठ्या झाडास याहून अधिक जागा मिळाल्यास उत्तम. खोडाला खिळे ठोकणे, फलक बांधणे व बुंध्याशी कचरा जाळणे कटाक्षाने टाळावे. जुन्या झाडांचे मोल कायद्यानेही मानले आहे. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनासंबंधीच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून मान्यता देण्यात आली आहे.

लागवड व निगा

१. रस्त्याकडेची जमीन बहुधा सरकारी असते. लागवडीपूर्वी संबंधित बांधकाम खात्याची वा महामार्ग विभागाची संमती घ्यावी आणि पुढील रुंदीकरणाची हद्द विचारून घ्यावी.

२. खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्यावेत. मोठ्या वृक्षांसाठी एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. दोन झाडांत १० ते १२ मीटर, आणि करंजासारख्या मध्यम झाडांत ५ ते ६ मीटर अंतर ठेवावे.

३. चांगली माती व कुजलेले शेणखत यांनी खड्डा भरून जून-जुलैत, चांगला पाऊस झाल्यावर रोप लावावे. रोप दीड ते दोन मीटर उंचीचे व सरळ खोडाचे असावे. वडाच्या जाड फांद्या लावूनही लागवड करता येते.

४. निदान तीन उन्हाळे पाणी द्यावे. बुंध्याभोवती आळे करून पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. हा पाचोळा जाळू नये.

५. जेथे पाण्याची सोय असेल तेथे कोरड्या महिन्यांत लहान झाडांची पाने मधूनमधून पाण्याच्या फवाऱ्याने धुवावीत.

६. पहिल्या वर्षी मेलेल्या रोपांच्या जागी पुढच्या पावसाळ्यात नवी रोपे लावावीत. लागवडीच्या खर्चातच या कामाची व पाण्याची तरतूद असावी.

रस्त्यालगतच्या शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

झाडाच्या सावलीने पीक मार खाते अशी तक्रार अनेकदा ऐकू येते व ती अनाठायी नाही. हिवाळ्यात सावली उत्तरेकडे पडते. म्हणून ज्या शेताच्या दक्षिणेस रस्ता आहे त्या बाजूस उंच वृक्षांऐवजी करंजासारखी मध्यम झाडे व झुडपे लावल्यास रब्बी पिकांना कमी त्रास होतो. शेताच्या उत्तरेस रस्ता असेल तर मोठी झाडे लावण्यास अडचण नाही.

वाहनांच्या धुराचा व धुळीचा भार पहिल्या शंभर-दीडशे मीटरांतच झपाट्याने कमी होतो. शक्य असल्यास पालेभाज्या रस्त्यापासून आत घ्याव्यात आणि रस्त्याकडील पट्टीत कुंपण व चाऱ्याव्यतिरिक्त अन्य पीक असावे. शिसे जमिनीत दीर्घकाळ टिकून राहते. त्यामुळे जुन्या वर्दळीच्या रस्त्यांच्या अगदी काठावरील माती भाजीच्या वाफ्यात वापरू नये. रस्त्याकडेच्या झाडांचा पाला शेळ्यांना घालावयाचा असेल तर पावसाळ्यातील धुतलेला घालावा, उन्हाळ्यातील धुळीने माखलेला घालू नये.

सारांश, वड, पिंपळ, आंबा, चिंच, करंज, कडुनिंब ही आपल्या पूर्वजांनी निवडलेली झाडे आजच्या रस्त्यावरही उभी राहण्यास समर्थ आहेत. त्यांना धुराशी झुंजण्याचे बळ पानातील द्रव्यांतून मिळते, आणि त्या पानांना ओल मुळांतून मिळते. योग्य जातीची निवड हे काम एका दिवसाचे आहे. बुंध्याभोवतीची माती मोकळी राखणे व तीन उन्हाळे पाणी घालणे हे काम चिकाटीचे आहे. ग्रामपंचायतींनी व रस्त्यालगतच्या शेतकरी बंधूंनी हे दुसरे काम पत्करले, तर आज लावलेल्या रोपांची सावली त्यांच्या नातवंडांना खचित मिळेल.